निरोपाची जबाबदारी : खान्देशातील सार्वजनिक जीवन आणि समाजमाध्यमे

समाजमाध्यमावर वाचणारा प्रत्येक माणूस त्याच क्षणी प्रकाशकही होऊ शकतो. वर्तमानपत्राच्या वाचकाला बातमी पुढे न्यायची तर ती तोंडाने सांगावी लागे. सांगणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्यासमोर असे, आणि उद्या ती खोटी ठरली तर कोणाला जाब विचारायचा हे गावाला माहीत असे. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक किंवा इन्स्टाग्राम वापरणाऱ्याला तीच बातमी स्वतः एक शब्दही न उच्चारता शेकडो लोकांपर्यंत पोचवता येते. त्याने काही लिहिलेले नसते, म्हणून आपण काही बोललो असेही त्याला वाटत नाही. सार्वजनिक जीवनातले समाजमाध्यमांचे बहुतेक प्रश्न या एका समजातून निर्माण होतात.

छापील मजकुराच्या बाबतीत ही जबाबदारी भारतात १८६७ सालीच निश्चित झाली. मुद्रणालये व पुस्तक नोंदणीच्या त्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. कायदा परकीय सरकारचा होता आणि त्यामागे पाळत ठेवण्याचा हेतूही होता. तरीही त्यातून एक शिस्त रुजली, ती पुढे स्वातंत्र्यचळवळीतल्या पत्रांनीही पाळली. साने गुरुजींनी १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले, तेव्हा त्यातल्या प्रत्येक शब्दामागे कोण उभे आहे हे वाचकाला ठाऊक होते. नियतकालिकांपुरती त्या जुन्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. निवडणुकीतल्या साध्या हस्तपत्रकालाही हीच शिस्त लागू आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असावेच लागतात. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या बाजारपेठेत वाटलेल्या पावपानी पत्रकाला जे बंधन आहे, ते तालुक्यातल्या हजारो मोबाइलवर एका तासात फिरणाऱ्या मजकुराला नाही. तो कोणाचा, कुठला आणि कधीचा, हे सांगणारी ओळ त्यातून गळून गेलेली असते. समाजमाध्यमांचा विचारपूर्वक वापर म्हणजे मुख्यतः ही गळालेली ओळ आपल्या हाताने पुन्हा जोडणे होय.

ही ओळ जोडलेली असली की हेच माध्यम किती उपयोगी पडते, हे तापीकाठच्या गावांना पावसाळ्यात अनुभवास येते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पाणलोटात जोराचा पाऊस झाला की त्यांतले काही उघडतात, आणि खालच्या यावल, चोपडा, अमळनेर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या लोकांना सावध करावे लागते. पूर्वी हे काम दवंडी, तलाठी आणि दूरध्वनी यांवर चाले. आता चांगल्या सूचनेत तारीख असते, वेळ असते, किती दरवाजे किती उघडले आणि किती क्युसेक पाणी सोडले हे आकड्यांत असते, आणि सूचना देणाऱ्या कार्यालयाचे नाव असते. दोन वाक्यांचा हा संदेश पोहोचला की नदीकाठचा शेतकरी मोटार काढून घेतो, गुरे वर आणतो. याच नदीचा, याच धरणाचा मागच्या एखाद्या वर्षीचा रोरावत्या पाण्याचा व्हिडिओ तारखेविना फिरला, तर तोच शेतकरी एकदा विनाकारण धावतो आणि पुढच्या खऱ्या सूचनेला जागचा हलत नाही. पूरसूचनेवरचा विश्वास उडणे हे खोट्या बातमीपेक्षाही मोठे नुकसान आहे. ते भरून यायला काही पावसाळे जावे लागतात.

केळीच्या भावाचे तसेच आहे. रावेर, सावदा आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचे भाव रोज सकाळी खान्देशभरच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर येतात. भावाची माहिती केवळ व्यापाऱ्याच्या हाती असण्याचा काळ त्यामुळे मागे पडला, ही मोठी गोष्ट आहे. पण केळीचा भाव हा एक आकडा नसतो. माल नव्या लागवडीचा म्हणजे नवतीचा आहे की खोडव्याचा म्हणजे पिलबागेचा, पावसाळी लागवडीच्या मृगबागेतला आहे की त्यानंतरच्या कांदेबागेतला, घड कसा भरला आहे, कापणी कुठे आहे, यावर तो क्विंटलमागे शेकड्यांनी बदलतो. चोपडा तालुका कांदेबागेसाठी ओळखला जातो. रावेर-यावलकडच्या मृगबागेचा हंगाम वेगळा. म्हणून ‘आज केळी अमुक रुपये’ एवढाच संदेश पुढे पाठवणारा माणूस हेतू चांगला असूनही शेजाऱ्याची फसगत करू शकतो. तारीख, ठिकाण, मालाचा प्रकार आणि भाव कुठून कळला हे लिहिलेले असेल, तरच तो भाव शेतकऱ्याला सौद्याच्या वेळी बोलता येतो.

वादळात केळीची बाग आडवी झाल्यावर काढलेल्या छायाचित्रांबद्दल एक तांत्रिक बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. मोबाइलच्या छायाचित्रात ते कधी काढले याची नोंद दडलेली असते. स्थानाची सोय सुरू असेल तर जागेचीही असते. तेच छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवले की ही नोंद पुसली जाते. फळपीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यायची असते, आणि पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून मूळ छायाचित्रच लागते. ते स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवावे. ग्रुपवर टाकलेली प्रत नुकसान सांगते, ते कोणाच्या शेतातले आणि कोणत्या दिवशीचे हे सिद्ध करत नाही.

अफवा मोबाइलने जन्माला घातली नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्याचे कळताच काही दिवसांत लाखो लोकांनी ते शहर सोडले. सुरतेत खान्देशी कामगारांची मोठी वस्ती आहे, आणि भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांनी रोगाच्या बातमीबरोबर भीतीही गावोगाव आणली. पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९९५ रोजी, गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता मुख्यतः दूरध्वनीवरून आणि तोंडोतोंडी एका दिवसात देशभर पसरली. ऑगस्ट २०१२ मध्ये पुणे आणि बंगळुरू येथून ईशान्य भारतातले हजारो विद्यार्थी व कामगार भीतीने गावी निघाले, तेव्हा केंद्र सरकारने काही दिवसांसाठी एका फोनवरून दिवसाला पाचच एसएमएस पाठवण्याची मर्यादा घातली. गर्दीला भडकवणारा मजकूर संख्येने रोखण्याचा हा आपल्याकडचा एक मोठा प्रयोग. सहा वर्षांनी पाच हाच आकडा पुन्हा वापरावा लागला, आणि त्याचे एक तातडीचे कारण खान्देशात घडले.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावात १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडे बाजार भरला होता. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातून फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने घेरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच काठ्या-दगडांनी मारून टाकले. हे सुरू असताना काही जण मोबाइलवर त्याचे चित्रण करत होते, आणि तेही पुढे पाठवले गेले.

त्या आधीचे काही आठवडे देशाच्या अनेक राज्यांत मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश फिरत होते. त्यांतला खूप पाहिला गेलेला एक व्हिडिओ भारतातला नव्हताच. कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने लोकजागृतीसाठी केलेल्या लघुचित्रफितीचा तो तुकडा होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच त्यात दिसे. मूळ फितीत ते मूल परत आणून सोडले जाते आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवला जातो. तो शेवट कोणीतरी कापला होता. कापलेल्या तुकड्याला प्रत्येक भागात जवळच्या गावाचे नाव जोडले गेले, स्थानिक बोलीतला आवाज जोडला गेला, आणि कित्येकदा पोलिसांनीच कळवल्याचेही जोडले गेले. तारीख कोणीच जोडली नाही.

अशा मजकुरावर माणसे विश्वास का ठेवतात याचे उत्तर अडाणीपणात शोधणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याच महिन्यांत सुशिक्षितांचे ग्रुपही हेच पुढे पाठवत होते. मजकूर अनोळखी असतो, पण तो देणारा हात ओळखीचा असतो. मेहुण्याने पाठवले, मास्तरांनी पाठवले, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आले, म्हणजे त्या माणसांवरचा वर्षानुवर्षांचा विश्वास मजकुराला आयताच मिळतो. शिवाय २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला. ज्या घरांत कधी वर्तमानपत्र आले नाही, त्या घरांत हलती चित्रे आली. छापील मजकुराबाबत ‘हे कोण म्हणतो’ असे विचारायला समाजाला शंभर वर्षे मिळाली होती. चित्राबाबत दोनही मिळाली नाहीत.

दुसरे कारण अधिक जुने आणि अधिक क्लेशकारक आहे. डवरी गोसावी, वासुदेव, पिंगळा, बहुरूपी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून गाणी, भविष्य आणि वार्ता घेऊन येत. गाव त्यांना दाणे देई आणि दुसऱ्या मुलखाची खबर घेई. तरीही त्यांच्याकडे पाहणाऱ्या नजरेत संशय मिसळलेला होताच. भटक्या समाजांपैकी अनेकांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याने घडवलेली नजर रद्द झाली नाही. अफवेने ही नजर नव्याने निर्माण केली नाही, तिने ती वापरली. अफवेत नाव कोणाचेच नसते. अशा वेळी तिचा रोख गावात ज्याचा कोणी सोयरा नाही त्याच्याकडे वळतो.

राईनपाड्याची घटना घडली त्याच दिवशी रात्री मालेगावात हीच अफवा पसरली आणि तसाच जमाव उभा राहिला. परभणीकडून आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला, ज्यात दोन वर्षांचे मूलही होते, लोकांनी घेरले. पण तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना एका घरात घेतले, दार लावले आणि पोलीस येईपर्यंत जमावाला आत शिरू दिले नाही. पोलिसांनी ते कुटुंब जिवंत बाहेर काढले. दोन्ही ठिकाणी फोन तेच होते, संदेश त्याच धाटणीचे होते, दिवसही तोच होता. फरक पडला तो ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या लोकांसमोर उभे राहून ‘थांबा’ म्हटल्याने. राईनपाड्याच्या घटनेबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मालेगावच्या त्या दारामागच्या माणसांबद्दल फार थोडे, आणि शिकण्यासारखे त्यांच्याकडेच अधिक आहे.

राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. त्याच जुलैत भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आधीच अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन आले; त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. हे उपाय निरुपयोगी नाहीत. अनेकदा फिरलेल्या संदेशावरचा दुहेरी बाण दिसला की मजकूर पुष्कळ हातांतून फिरून आला आहे एवढे तरी कळते. पण त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर आणि मुले पळवणारे आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार केले. बाण आणि बंधने प्रवासाचा वेग कमी करतात. मजकूर खरा की खोटा हे त्यांना कळत नाही. संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्याशिवाय कोणालाही वाचता येऊ नयेत अशी त्या सेवेची रचनाच आहे, आणि खासगी संभाषणाच्या दृष्टीने ती योग्य आहे. म्हणून पारख माणसालाच करावी लागते.

कायद्याची भूमिका या बाबतीत दोन टोकांच्या अनुभवांतून घडली. एका टोकाला अतिरेकी शिक्षा होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या साध्या मतासाठी पालघरच्या एका तरुणीला आणि ते पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून सुरू झालेल्या लढ्याचा शेवट २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवण्यात झाला. दुसऱ्या टोकाला राईनपाड्यासारख्या घटना होत्या. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांबाबत सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा समन्वय अधिकारी असावा, चिथावणीखोर संदेशांवर गुन्हे दाखल व्हावेत, जमावहत्येला कायद्याने कठोर शिक्षा आहे हे आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि सरकारी संकेतस्थळांवरून लोकांना सांगितले जावे, खटले जलद चालावेत. १ जुलै २०२४ रोजी, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे होत असताना, भारतीय न्याय संहिता अमलात आली. जात, भाषा, जन्मस्थान किंवा तत्सम कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येला तिच्या कलम १०३ मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची स्वतंत्र तरतूद आहे.

ग्रुप चालवणाऱ्यांमध्ये एक भीती नेहमी बोलली जाते की ग्रुपवर कोणीही काहीही टाकले तर अ‍ॅडमिन तुरुंगात जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचा निकाल दिला. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही; दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवावा लागतो. कायद्याने मोकळे ठेवले म्हणून गावात काहीच जबाबदारी उरत नाही, असा मात्र त्याचा अर्थ नाही. पाचशे घरांच्या गावाचा ग्रुप चालवणारा माणूस त्या गावाचा एक प्रकारे संपादकच असतो. ‘ही माहिती कुठून मिळाली ते लिहा, नाहीतर काढा’ एवढे एक वाक्य त्याने नियमाने लिहिले, तरी त्या ग्रुपची सवय काही आठवड्यांत बदलू लागते.

आता पदावरच्या माणसांचा प्रश्न. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, वैयक्तिक खात्यावर शासनाचे बोधचिन्ह, गणवेश किंवा शासकीय वाहन यांचे प्रदर्शन करू नये, गोपनीय कागदपत्रे टाकू नयेत, बदली झाल्यावर कार्यालयीन खाते नव्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे, हे त्यातले निर्देश उचितच आहेत. कार्यालयाचे खाते हे कार्यालयाच्या दप्तरासारखे असते. ते अधिकाऱ्याबरोबर गाव सोडून जाता कामा नये. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्राम वापरायला त्यात मुभा आहे. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये हा निर्देश मात्र काळजीपूर्वक वापरला गेला पाहिजे. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत पाणी गळते हे शिक्षकाने लिहिणे, उपकेंद्रात लस आली नाही हे आरोग्यसेविकेने सांगणे, ही धोरणावरची टीका नाही, ती कामाची माहिती आहे. शिस्तभंगाच्या भीतीने खालचा कर्मचारी गप्प बसला, तर गावात विश्वासार्ह माहिती देणारा एक आवाज कमी होतो. अशा गप्प जागेतच अफवा वाढते.

इथे या विषयाच्या गाभ्याशी यावे लागते. अफवा पसरल्यावर तिचे खंडन करणारे पत्रक जवळजवळ नेहमी उशिरा येते. ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून येते, प्रमाण मराठीत येते, आणि अफवेइतके उत्कंठेने वाचले जात नाही. ज्याचा शब्द संकटात चालावा असे वाटते, त्याने संकट नसताना बोलत राहायला हवे. पोलीस पाटील, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशा, मुख्याध्यापक यांनी आठवड्याला दोन-तीन साध्या, खऱ्या, तारीखवार सूचना दिल्या, तर त्यांच्या नावाची सवय लोकांना लागते. रेशन कोणत्या दिवशी मिळणार, लसीकरण कुठे आहे, कोणता रस्ता बंद आहे, एवढेही पुरते. मग एखाद्या संध्याकाळी त्याच नावाने ‘गावात फिरस्ते उतरले आहेत, त्यांची चौकशी केली आहे, ती साधी माणसे आहेत’ असा निरोप आला, तर तो मानला जाण्याची शक्यता मोठी असते. फिरस्ते लोक गावात आल्यावर त्यांची नोंद घेऊन ती गावाला सांगणे, ही पोलीस पाटलाच्या जुन्या कामातलीच गोष्ट आहे. आता ती ग्रुपवर सांगता येते. संशय खराच आला, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे आणि मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. हे दोन क्रमांक ग्रुपच्या माहितीत कायम लिहून ठेवणे हे कोणत्याही खबरदारीच्या व्हिडिओपेक्षा उपयोगाचे आहे.

निरोप कोणत्या भाषेत यावा, याचाही विचार व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी बोलणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक नोंदली गेली. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा, भिल्ल, तडवी वस्त्या आहेत, आणि चोपडा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती खान्देशाबाहेरही पाहिल्या जातात. म्हणजे या भाषांना माध्यमात जागा नाही असे नाही. ती जागा सरकारी सूचनांना सापडलेली नाही, एवढेच. अफवा मात्र पहिल्या दिवसापासून बोलीभाषेत, बोललेल्या आवाजात येते. वाचता न येणाऱ्या आईपर्यंत पावरीतला अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पोचतो, पीडीएफ पोचत नाही. असा संदेश देणाऱ्याने सुरुवातीलाच स्वतःचे नाव, गाव आणि तारीख बोलावी, कारण आवाज कापून जोडणे आणि आता यंत्राकडून हुबेहूब आवाज बनवून घेणे सोपे झाले आहे.

काही मजकूर खरा असूनही पाठवायचा नसतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पीडित मूल असेल तर पोक्सो कायदाही लागू होतो. तरीही अशा घटनेनंतर सहानुभूतीच्या नावाखाली मुलीचे छायाचित्र आणि गाव स्टेटसवर ठेवले जाते. लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांक आणि बँक खात्यासह ग्रुपवर टाकण्याची कार्यालयीन सवय याच प्रकारात मोडते. तिचा उपयोग फसवणूक करणाऱ्यांनाच होतो. यादी टाकायचीच तर नाव आणि अर्ज क्रमांक पुरे. अशा फसवणुकीत पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

निवडणुकीच्या काळात नियम तुलनेने स्पष्ट आहेत. उमेदवाराला शपथपत्रात आपली समाजमाध्यमांवरची खाती नमूद करावी लागतात, तिथल्या राजकीय जाहिराती आधी निवडणूक यंत्रणेच्या माध्यम प्रमाणन समितीकडून प्रमाणित कराव्या लागतात, आणि त्यांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. कार्यकर्त्यांच्या खासगी ग्रुपवर चालणारा प्रचार या जाळ्यातून निसटतो. तिथे पुन्हा मतदाराची स्वतःची पारखच कामी येते.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. चूक प्रत्येकाकडून होते. पदावरच्या माणसाकडून आणि वार्ताहराकडूनही होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांत सुधारता येतो, आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढून टाकता येतो. पण तोवर इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून नुसते गुपचूप काढून टाकणे पुरत नाही. तो मजकूर का गेला हे कळत नाही आणि त्याभोवती नवा तर्क सुरू होतो. चुकीचा निरोप ज्या ज्या ग्रुपवर आपण टाकला, त्या प्रत्येकावर दुरुस्ती टाकावी. तिच्यात आधी खरे काय ते यावे, मग काय चुकीचे होते ते थोडक्यात यावे, आणि खाली नाव व तारीख असावी. मूळ खोटा व्हिडिओ दुरुस्तीला पुन्हा जोडू नये, कारण पुष्कळ लोक मजकूर न वाचता फक्त चित्रच पाहतात आणि तेच पुढे पाठवतात. दुरुस्ती देणाऱ्याला ग्रुपने टोमणे मारले, तर पुढच्या वेळी कोणी दुरुस्ती देणार नाही. म्हणून अ‍ॅडमिनने त्या जागी दुरुस्ती देणाऱ्याची बाजू घ्यावी आणि ती दुरुस्ती ग्रुपच्या माथ्यावर काही दिवस लावून ठेवावी.